दोन नोंदींचं पान

माझी नात रितिका दहावीला बसली ते वर्ष. तिचा भूमितीचा पेपर होता त्या दुपारी मी नागपूरच्या धंतोलीत माझ्या मुलीच्या, भारतीच्या ऑफिसात बसलो होतो. माझी बायको गोपिका दोन इमारती सोडून दवाखान्यात भरती होती. तिथं भेटायची वेळ चारची. तोवर मी भारतीच्या टेबलाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

"बाबा, इकडं पाहू नका," भारती म्हणाली आणि तिनं स्क्रीन थोडी फिरवली.

ती बोलली नसती तर मी पाहिलंही नसतं. मला वाचायला वेळ लागतो, ओळीवर बोट ठेवावं लागतं. ठेवलं. नावांची यादी होती, प्रत्येक नावापुढे आकडा. एक, एक, दोन, एक. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. चंदन जागेश्वर पौनीकर, दोन.

"चंदनचं नाव काहून आहे यात?"

"कामाची यादी आहे, बाबा."

"कायच्या कामाची?"

भारतीनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. तिचं ऑफिस बातम्यांची साइट चालवतं. छापून आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाचं तिथं एक पान असतं, आणि त्या माणसाबद्दल जे जे आलं ते त्या पानावर एकाखाली एक दिसतं. वर्षानुवर्षं अशी चाळीस हजार पानं साचली. बहुतेकांवर एकच ओळ. मालकांना कोणी तरी सांगितलं की अशा पोकळ पानांमुळे साइटच्या चांगल्या बातम्याही सर्चमध्ये मागं पडतात. म्हणून नियम झाला. तीनपेक्षा कमी नोंदी असलेलं पान सर्चमध्ये यायला नको. मुदत एकतीस मार्च.

"म्हणजे तू त्याचं पान काढून टाकून राहिली?"

"काढत नाही. पान तिथंच राहते. सर्चले फक्त सांगायचं, हे दाखवू नको. कोणी नाव टाकलं तर येणार नाही."

"मंग राहून काय उपयोग?"

"तेच तर," भारती म्हणाली.

चंदन माझा मुलगा. आम्ही हातमागावर विणणारे. त्याला मागावर बसायचं नव्हतं, आणि मला दुसरं काही ठाऊक नव्हतं. तो एकवीस वर्षांचा असताना इतवारीत एका कापडाच्या दुकानात, दहा माणसांसमोर, मी त्याच्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. मागाच्या फणीत खोचलेली एक चिठ्ठी होती.

मला वाचता येत नव्हतं, गोपिकालाही नाही. भारती शिकलेली, पण ती तेव्हा सासरी उमरेडला. शेजारच्या नत्थूजींना दाखवली असती तर मिनिटाचं काम होतं. मी दाखवली नाही. पोरगा पळाला हे मोहल्ल्यात सांगायची लाज वाटली, आणि कागद दुसऱ्याच्या हातात देऊन समोर उभं राहायची त्याहून जास्त. चिठ्ठी तीन दिवस माझ्या बंडीच्या खिशात राहिली. चौथ्या दिवशी भारती आली, तिनं वाचली. 'इतवारीत भांड्याच्या गोदामात आहे. दोन दिवस थांबतो. बाबा घ्यायला आले तर परत येतो. नाही आले तर मी नको आहे असं समजतो.'

मी गोदामाकडे गेलो. तिथला माणूस म्हणाला, काल गेला तो.

रितिका तेव्हा अंकलिपी गिरवत होती. भारतीचं कुटुंब नागपूरला आलं तसं रितिकाच्या बाजूला बसून एकसष्टाव्या वर्षी मी अक्षरं काढायला लागलो. भारती या साइटवर कामाला लागली. त्या वेळी ते लोकांची निवेदनं फुकट घेत. मी स्वतः लिहिलेला पहिला मजकूर तिथं लागला. 'चंदन, तुझी चिठ्ठी मला वाचता आली नाही. तीन दिवसांनी कळली. घरी ये. बाबा.' अशा छोट्या मजकुराला वेगळं पान नसे, तो नावाच्या पानावरच दिसे. चंदनच्या पानावर आधी एक ओळ होती, मोहल्ल्याच्या कबड्डी संघात निवड झाल्याची. ही दुसरी.

पान कोणत्या शहरातून उघडलं ते भारतीला दिसतं. वर्षातून दोन-तीनदा, दिवाळीच्या आगेमागे हमखास, सुरतहून कोणी तरी चंदनचं पूर्ण नाव टाकून शोधतं आणि ते पान उघडतं. कोण, ते दिसत नाही. मी सुरतला जाऊन आलो. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून आठ दिवस फिरलो, त्याचा फोटो दाखवत. परत आलो. तो असेल तर येत नाही, पण पाहतो. गोपिका आजारी पडल्यापासून रोज संध्याकाळी भारतीला एकच शब्द विचारायची, "सुरत?"

भारतीचा साहेब पियुष म्हणून. वयानं तिच्याहून लहान. त्याच दिवशी मी त्याच्या काचेच्या खोलीत गेलो. भारती अडवत होती.

"काका, मी समजतो ना," तो म्हणाला. "पण यादी कॉम्प्युटर काढते. एक पान सोडलं तर उद्या दुसरा येऊन बसते इथं."

"दोन आहेत म्हणता, तर तिसरी टाका. मी आत्ता लिहून देतो."

"निवेदनं बंद केली, काका. दोन वर्षं झाले. लोकं त्यात एकमेकाची बदनामी करत होते. आता आम्ही फक्त निधनवार्ता घेतो." तो जरा थांबला. "त्यात मागे राहिलेल्यांची नावं येतात. ती मोजली जातात."

मग आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. त्यानं मला पाणी विचारलं.

आठवड्याभरानं डॉक्टरांनी गोपिकाला घरी न्यायला सांगितलं. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घरी आल्यावर मी रितिकाच्या वहीचा एक कोरा कागद घेतला आणि लिहायला बसलो. पाऊण तास लागला. भारती आली तेव्हा तिच्या हातात दिला.

तिनं वाचला आणि उभीच राहिली.

"काय लिहिलं तुया बाबानं?" गोपिकानं खाटेवरून विचारलं.

भारती सांगेना. मीच सांगितलं. "जागेश्वर पौनीकर यांचे निधन. वय बहात्तर. पश्चात पत्नी गोपिका, मुलगा चंदन, मुलगी भारती."

"माझं कुंकू पुसून राहिले, मले विचारलं काय?"

"तुयासाठीच करून राहिलो वं."

"पोरगं येईन रडत-पडत. अन् तुम्ही दारात चहा पीत बसलेले. मंग?" तिला दम लागला. ती थांबली, पण संपली नव्हती. "एकदा त्याची चिठ्ठी वाचली नाही. आता त्याले खोटी लिहून राहिले."

भारतीनं कागद मला परत दिला. मी तो फाडला.

चंदनचं नाव भारतीनं यादीत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. एकतीस तारखेला दुपारी तिनं मला ऑफिसात बोलावून घेतलं. स्क्रीनवर त्याचं पान होतं. कबड्डीची ओळ आणि खाली माझी. बाजूला एक लहानसा चौकोन.

"तुम्ही म्हणाल तर मी नाही करत," ती म्हणाली. "होईन ते होईन."

"घर कशावर चालवशील?"

"पाहू ना."

"कर," मी म्हणालो. "तुले कराच लागते ते."

तिनं चौकोनावर खूण केली. मला वाटलं होतं काही तरी बदलेल. पान होतं तसंच राहिलं. दोन्ही ओळी जागच्या जागी. आठ-दहा दिवसांनी मी माझ्या फोनवर त्याचं नाव टाकलं, एकेक अक्षर शोधून. चंदनाचा साबण आला, चंदनाचं तेल आलं, पौनी गावची माहिती आली. आमचा चंदन आला नाही.

गोपिकाचं विचारणं चालूच होतं. "सुरत?"

"नाही, आई."

एकदा मी भारतीला जिन्यात गाठलं. "हो म्हणून टाक ना वं. काय बिघडते?"

"तिले माझा आवाज कळते, बाबा. खोटं बोलली तर त्या दिवशीच कळन."

मे असाच गेला. कूलरसमोर खाट, खाटेशी मी. ती भिंतीकडे पाहायची, मी तिच्याकडे. जूनमध्ये तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं विसरली, आणि त्याचं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एका संध्याकाळी भारती तिचे केस विंचरत होती तेव्हा ती म्हणाली,

"तीन झाले तर दिसते ना परत?"

भारतीचा हात थांबला. "कोणी सांगितलं तुले?"

"तुया बाबानं. अजून कोण सांगते मले."

"आई, तू झोप."

"विचारून राहिली फक्त. तुले करावं लागते, का आपोआप होते?"

भारतीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होतो.

"आपोआप होते," ती म्हणाली.

"मंग बरं. तुले त्रास नाही."

भारतीनं पुन्हा फणी हातात घेतली आणि वेणी पूर्ण केली.

वार्ता मी लिहिली. या वेळी पाऊण तास लागला नाही. भारतीनं ती जशीच्या तशी टाकली, एकही अक्षर न बदलता. पुढच्या आठवड्यात चंदनचं नाव टाकलं तर त्याचं पान पहिलंच आलं. ते आता कोणी उघडतं का, हे मी तिला विचारत नाही.

गोपिका जागेश्वर पौनीकर, वय अडुसष्ट, ११ जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासहा वाजता राहत्या घरी वारली.