संदर्भासाठी आणलेल्या वस्तू

मित्रांनो, मी एक जुना लाइटबॉक्स बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. लाकडी पेटी, वर दुधी काच आणि पोटात दिवा, एवढाच माझा संसार. दिवा लावला की वरच्या कागदातून खालचा कागद दिसतो. आधीचं पाऊल दिसल्याशिवाय पुढचं पाऊल काढता येत नाही, म्हणून कार्टून फिल्मवाल्यांना मी लागतो. आज माझा आवाज जरा कापतोय. चार दिवस झाले, तरी बसलेला धक्का ओसरत नाही.

एका सुताराने मला माझ्या मालकांच्या मापाने बनवलं. चाळीस वर्षं ते माझ्यासमोर बसले. किती ससे पळवले, किती टोप्या वाऱ्यावर उडवल्या, मोजदाद नाही. त्यांची लेक माझ्याच उजेडात रेघ ओढायला शिकली. "पोरीचा हात बघा!" असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, आणि मीही फुशारून जायचो. पुढे लेक मोठी चित्रकार झाली, कॉम्प्युटरवर चित्रं काढू लागली, आणि मी कोपऱ्यात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण समोरच मालकांची खाट होती, आणि रोज सकाळी ते स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचे.

यंदा लेकीला एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म मिळाली. विषय चंगळवाद. गोष्ट तिनेच रचायची होती. एक माणूस वस्तू आणत सुटतो, आणतच सुटतो, आणि शेवटी... इथे तिचं घोडं अडलं. शेवट काही सुचेना. "वस्तू डोळ्यांसमोर असल्याशिवाय हाव कशी काढू, बाबा?" ती म्हणाली, आणि मग काय विचारता! आधी कॉफीचं यंत्र आलं. मग पाय दाबणारी खुर्ची. मग एकसारखे तीन दिवे, का, तर म्हणे सावल्या वेगवेगळ्या पडतात. मालकांनी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "संदर्भाला लागतं हो!" चंगळवादाची टर उडवायला निघालेल्या घरात चंगळच पाय पसरून बसली. मी आ वासून बघत राहिलो.

खोक्यांना जागा हवी म्हणून मालकांची खाट "दोनच दिवस" बाहेर पॅसेजमध्ये गेली. ते दोन दिवस चार महिने चालले. मालक एका शब्दाने बोलले नाहीत. "पाय जरा आत घ्या हं, बाबा," असं म्हणत लेक नवं खोकं त्यांच्यावरून आत आणायची. आणि गेल्या आठवड्यात मालक माझ्यापाशी उभे राहून धाकट्या भावाशी फोनवर बोलले. "रविवारी येतो. राहायलाच येतो. नाही रे, भांडण कसलं? तिला कामाला जागा पुरत नाही, एवढंच."

हे घर त्यांचं, ही खोली त्यांची, आणि तेच निघाले? लेकीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण घरात माझं कोण ऐकणार!

रविवारी सकाळी लेक घाईघाईने माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी फिल्मवाल्यांना गोष्ट दाखवायची होती. हावरट माणसाची खोली तिने याच खोलीकडे बघून काढली होती, पण खिडकी खोक्यांआड गेल्यामुळे तेवढी जमत नव्हती. शेजारच्या कपाटात मालकांनी काढलेलं या खोलीचं जुनं चित्र होतं, ती सहा वर्षांची असतानाचं. खिडकी गिरवण्यापुरतं तिने ते माझ्या काचेवर ठेवलं, त्यावर आपलं कागदावर छापून घेतलेलं चित्र ठेवलं आणि दिवा लावला.

अरे बाप रे! खिडकीवर खिडकी बसली, कोपऱ्यावर कोपरा बसला. खालच्या कागदावर खाट, खाटेवर मालक आणि त्यांच्या मांडीवर चिमुरडी लेक. वरच्या कागदावर बरोब्बर त्याच जागी खोकी. खोकी मालकांच्या छातीवर. खोकी त्या पोरीच्या तोंडावर. उजेड माझाच, पण मलाच बघवेना. लेकीच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

"बाबा!" तिने हाक मारली. ती पॅसेजमध्ये धावली. खाट भिंतीला उभी टेकवलेली, अंथरूण गुंडाळलेलं, आणि मालकांची पिशवी जागेवर नाही. "काकाकडेच गेले असणार," असं म्हणत ती अनवाणीच पळत सुटली. दिवा बंद करायचंही भान तिला राहिलं नाही. तासभर माझा जीव टांगणीला लागला होता.

मग दारात दोघांचे आवाज आले. भावाच्या गावची बस उशिरा सुटणार होती, म्हणून मालक स्टँडवरच सापडले. पिशवी आता लेकीच्या हातात होती. ती हमसून हमसून रडत होती, आणि मालक असे ओशाळलेले, जणू चूक त्यांचीच.

"चार महिने, बाबा! एकदा तरी बोलायचं होतंत ना!"

मालक माझ्याजवळ आले. वाकून त्यांनी दोन्ही कागद बघितले.

"मला वाटलं, तुला दिसतंय," ते म्हणाले.

खोकी त्याच दिवशी बाहेर गेली आणि खाट आत आली. सोमवारी लेकीने तेच दोन कागद नेले. खोक्यांखाली दिसणारी घरचीच माणसं, फिल्मचा शेवट दुसरा कुठला असणार? सगळ्यांनी वाहवा केली म्हणे. घरी येऊन ती मात्र खाटेवर मालकांच्या शेजारी जाऊन बसली.

मित्रांनो, नवी वस्तू घरात आणा, खुशाल आणा. पण ती ठेवण्याआधी तिथे कोण बसत होतं, ते आठवा. आणि तो माणूस काही बोलत नसेल, तर त्याला आजच विचारा.