आत माणूस असते

खर्र... खर्र... खर्र.

दुपारचं घर इतकं शांत होतं, की आधी मला वाटलं उंदीरच असेल. माझ्या सासूबाई, पंचफुला, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, नुसत्या पडल्या होत्या. मी सुपात तूर घेऊन बसले होते आणि खडे काढायचे विसरून गेले होते. आवाज पुन्हा आला, दिवाणाखालून. वाकून बघितलं तर माझी लेक सुकेशनी पोटावर पडलेली. एका हातात माझी फणी, दुसऱ्या हातात भात शिजवायचा गंज. फणीचे दात गंजाच्या काठावरून हळूहळू ओढत होती.

"काय करून राह्यली वं सुकू?"

"श्श. जनावर बोलावून राह्यली. तू बोलू नको, पळून जाईन ते."

हा आवाज तिला तिच्या बाबानं शिकवलेला. पिच्चरमधलं जनावर ओरडतं ते खरं कुणाच्या घशातून नसतं, असं तो तिला सांगायचा. कुणीतरी बाजूला बसून भांडी घासत असते, दार कुरकुरवत असते, आपण उगाच भितो. मग बापलेक मिळून घरातल्या एकेका भांड्यातून जनावर काढून बघायचे. कढईतलं जाड निघालं. ताटातलं बारीक. गंजातलं सगळ्यांत खतरनाक, असं दोघांचं एकमत झालं, आणि त्या दिवशी आमच्याकडे भात उशिरा शिजला.

आमच्या भागात सापाला कुणी साप म्हणत नाही. जनावर म्हणतात. नाव घेतलं की ते येतं, अशी जुन्या माणसांची समजूत. माझ्या नवऱ्याच्या, धम्मरत्नच्या, तोंडी मात्र जनावर म्हणजे पिच्चरमधलंच. तो मला बघायला अनसिंगला, माझ्या माहेरी आला होता, तेव्हा मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून मागच्या अंगणात पाठवलं. बराच वेळ तो चपलेनं माती उकरत उभा राहिला आणि मग एकदम म्हणाला, "तुमाले जनावराचं भेव लागते का?"

मी म्हटलं, "वावरात असतेच ते. आपण बाजूनं निंगून जायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग असा हसला, की आतून माझी काकू डोकावून गेली. "अवं, ते नाई! पिच्चरमधलं. समुद्रातून निंगते, बिल्डिंगा पाडते, ते."

"ते मी कधी पाह्यलं नाई."

"मंग दाखवतो ना," म्हणाला. जसं काही सगळं ठरूनच गेलं होतं.

आणि दाखवलं. शिरपूरच्या बस स्टॉपजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो पेन ड्राइव्हवर पिच्चर भरत बसायचा, हिंदीत डब केलेले, कुठल्या कुठल्या देशांचे. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे. त्याचे स्वतःचे नियम होते. सुरुवातीलाच आख्खं जनावर दाखवलं तर तो डायरेक्टर घाबरट. आधी पाणी हललं पाहिजे, मग एखादं कुत्रं भुंकून एकदम गप्प झालं पाहिजे, मग पाऊल, मग शेपूट. कॉम्प्युटरवर काढलेली चकचकीत जनावरं त्याला पसंत नव्हती. त्याला हवी असायची जुनी, रबराची. रबरी कातड्याची पाठीवरची चेन दिसली की तो उठून टीव्हीपाशी जायचा आणि बोट लावून दाखवायचा, जणू देवाची मूर्ती दाखवतोय. आणि शेवटी जनावर मेलं की हा माणूस डोळे पुसायचा. हिरो-हिरोइन जगल्याचं त्याला काही नसायचं.

"दुकानाचं शटर जरा लवकर उघडलं असतं तं त्याच्यापेक्षा बरं झालं असतं," सासूबाई म्हणायच्या. त्या टीव्हीकडे पाठ करून शेंगा सोलत बसायच्या. "मी नाई पाहून राह्यली ते भंकस." आणि थोड्या वेळानं, पाठ तशीच ठेवून, "मेलं का रे ते?"

सुकू त्याच्या मांडीवर बसूनच मोठी झाली. पहिल्यांदा ती घाबरून रडली तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठले. त्यानं मला हातानंच थांबवलं आणि तिला जवळ घेतलं.

"पाय, त्याच्या काखेत पाय. काय दिसते?"

"फाटलं," ती मुसमुसत म्हणाली.

"शिलाई उसवली. काहून? कारण ते कातडं हाय. आत माणूस असते."

"आपल्यासारखा?"

"आपल्यासारखाच. सकाळी डबा घेऊन येते, कातडं घालते, दिवसभर बोंबलते, अन् संध्याकाळी कातडं काढून घरी जाते. त्याच्या घरी बी एक सुकू असन."

त्या दिवसापासून ती घाबरली नाही. उलट टेबलफॅन टीव्हीच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. आतल्या माणसाला गरम होत असेल म्हणून. आम्ही घामाघूम, आणि ते समुद्रातलं जनावर मस्त वारा खात गाव बुडवतंय.

यंदा सोयाबीन कापून आम्ही शेतात त्याचा ढीग, सुडी, रचली होती. काढायला मशीन यायचं होतं. आभाळ भरून आलं म्हणून धम्मरत्ननं वर ताडपत्री टाकली आणि सकाळी ऊन पडल्यावर ती काढायला गेला. दुकानाची किल्ली खिशातच होती, तसाच पुढे शिरपूरच्या स्टॉपवर जाणार होता. ताडपत्रीखाली ते बसलेलं होतं. हाताला चावलं. शेजारच्या शिवमनं त्याला गाडीवर घातलं, मग गाडी बदलली, मग अकोल्याकडे निघाले. पातूरच्या घाटात त्यानं पाणी मागितलं, असं शिवम सांगतो. पुढचं सांगत नाही.

सुकूला आम्ही भुरीबाईंच्या घरी ठेवलं होतं, गल्लीच्या टोकाला. तिनं बाबाला आणलेलं बघितलं नाही, नेताना बघितलं नाही. लेकरू आहे, कशाला बघावं, असं सगळे म्हणाले, आणि मला तेव्हा काही म्हणण्याची शुद्ध नव्हती. पण भुरीबाईंच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या आणि सुकूला कान होते. आमच्याकडे जसं बोलतात तसंच त्या बोलत होत्या.

"जनावरानं नेलं वं धम्माले."

एवढंच. सुकूनं ते घरी आणलं. ती रडली नाही. लोक म्हणाले, लहान आहे, तिला कळत नाही. मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी ती दारात जाऊन बसायची, दिवे लागेपर्यंत, आणि मग शहाण्यासारखी जेवायला यायची.

म्हणून त्या दुपारी मी दिवाणाखालून तिला ओढून बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. केसांना जाळी लागली होती.

"जनावर कायले बोलावून राह्यली, बेटा?"

"बाबाले घरी यायचं नाई का?"

"म्हणजे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच लहान आहे. "आई, जनावरानं बाबाले नेलं ना? मंग जनावराच्या आत माणूस असते ना? आता बाबा आत हाय. त्याची चेन अटकली असन. पाठीमागची चेन आपल्या हातानं निंगतच नाई. कोणीतरी काढा लागते."

सूप तिथंच राहिलं. सासूबाईंची पाठ मात्र एकदम ताठ झालेली मला दिसली.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवली, पण घरात एकच नजर किती ठिकाणी पुरणार? दुकानाचं सामान परत न्यायला माणसं येत होती, बँकेत जायचं होतं. एके दिवशी चार वाजता मी नळावरून पाणी घेऊन आले तर अंगणात सुकू नव्हती. परसात गेले. तिथं तुराट्यांचा ढीग आहे, गेल्या वर्षीचा, चुलीसाठी रचलेला. सुकू त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली होती आणि तिचा हात खांद्यापर्यंत तुराट्यांत होता. तोंडानं ती हळू हळू म्हणत होती, "ये ना. इकडं पाठ कर. मी काढते चेन."

हंडा कुठं पडला मला आठवत नाही. मी तिला उचललं, हात उलटासुलटा करून बघितला, बोटं बघितली, बोटांच्या मधली जागा बघितली. नुसतं खरचटलं होतं. ती ओरडत होती, "आई, तू भेववलं त्याले! आता गेलं ते!"

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "आज तिले सांगते मी."

त्यांनी मला आत बोलावलं. सुकू अंगणात पाय आपटत रडत होती.

"नको सांगू, माय. राहू दे तिले तसंच."

"आई, तिनं ढिगात हात घातला होता. तिले काही झालं तं?"

"तो ढीग मी आत्ता हटवते. सारं परस साफ करते. दिवसभर तिच्यामागं फिरीन, नजर हटवणार नाई. पण सांगू नको."

"काहून पण?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"साऱ्या गावासाठी मेला तो. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, जेवणं झाली. एका तिच्यापाशी तेवढा जित्ता हाय. ती दारात जाऊन बसते ना संध्याकाळी, मी बी तिच्यामागं बसते. तिच्या तोंडाकडं पायते. असं वाटते, येईन."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं. आम्ही सासूसुना तशा कधी गळ्यात पडलेल्या नव्हतो. त्या माझ्या खांद्यापर्यंतच येतात, हे मला तेव्हा कळलं. मग त्याच आधी बाजूला झाल्या आणि परसात गेल्या. तुराट्या ओढल्याचा आवाज येत राहिला, एकेक करून, काठीनं आधी बडवून, मग ओढून. दिवस कलेपर्यंत ढीग अर्धाही हटला नाही. आमच्या परसापलीकडे शेजाऱ्यांचा ढीग आहे, त्यापलीकडे नाला, आणि मग सगळी वावरंच.

दिवे लागले. सुकू दारात बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सासूबाई मागे येऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून, मांडीवर रिकामं सूप घेऊन.

"सुकू, बाबाले जे चावलं ना, ते पिच्चरमधलं जनावर नव्हतं. तो साप होता."

"दिवे लागले, माय," मागून सासूबाई म्हणाल्या. "नाव नको घेऊ."

"घेऊ द्या, आई."

"साप?" सुकू म्हणाली. "नळापाशी निंगला होता, तसा?"

"तसाच."

"एवढासा?" तिनं दोन्ही हात लांब केले, मग विचार करून जरा कमी केले.

"एवढासाच."

ती हातांमधल्या त्या जागेकडे बघत बसली. रस्त्यावरून शिरपूरची शेवटची एसटी गेली, तिच्या उजेडात सुकूचा चेहरा क्षणभर दिसला. बाबासारखाच, पिच्चरचा कुठला भाग खोटा ते शोधताना तो करायचा तसा.

"त्याच्या आत माणूस मावत नाई," ती म्हणाली.

"नाई मावत."

"मंग बाबा आत नाई."

"नाई."

"त्याले चेन बी नाई."

"नाई, बेटा. ते अस्सल होतं."

"मंग संध्याकाळी बाबा..."

"नाई येणार." माझा आवाज मला लांबून ऐकू आला. "बाबा मेला, सुकू. खरोखरचा मेला. आमी सारे त्याले पोचवून आलो. तुले नेलं नाई. न्यायला पाहिजे होतं."

मागे सूप जमिनीवर टेकल्याचं कळलं. सासूबाई रडत होत्या, तोंडात पदर घालून. सुकूनं वळून आजीकडे बघितलं, उठून तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, वरून खालपर्यंत, सावकाश, आणि परत येऊन माझ्या मांडीवर बसली. मग ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मी तिला हलवत राहिले, झोपाळ्यासारखं. समोरच्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं.

रडून झाल्यावर तिनं माझ्याच पदराला नाक पुसलं. मला वाटलं, झोपली. पण ती जागीच होती, अंधारात वावरांकडे बघत.

"आई," ती म्हणाली, "त्या सापाले माहीत होतं का, हा सुकूचा बाबा हाय म्हणून?"