आईने कवटाळलेली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. कापूस पिंजणाऱ्याने मला इतकं गच्च भरलं होतं, की घरातल्या धाकटीने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "ही उशी आहे की दगड?" मला रागच आला. पण माझा हाच कडकपणा पुढे तिच्या आईच्या कामी आला.

आईला स्तनाचा कर्करोग होता. तो पसरला आणि तिच्या फुप्फुसाभोवती पाणी साचू लागलं. आडवं पडलं की तिचा जीव गुदमरे. म्हणून ती झोपायचीही बसूनच, मला मांडीवर घेऊन, माझ्यावर पुढे वाकून. एकदा तरी लेकीला कुशीत घेऊन आडवं व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांमधून एक बारीक नळी बसवली. त्या नळीला बाटली जोडून घरीच पाणी कसं काढायचं, ते नर्सने बाबांना शिकवलं. पण पहिल्याच वेळी बाबांना वाटलं, भराभर काढलं तर तिला लवकर मोकळं वाटेल. त्यांनी नळीचा चिमटा पूर्ण उघडला. आई खोकून खोकून कळवळली. तिची बोटं माझ्यात रुतली. बाबांनी कसाबसा नर्सला फोन लावला.

"आधी चिमटा बंद करा," ती म्हणाली. "अहो, घाई कशाला? फुप्फुसाला उलगडायला वेळ लागतो. खोकला आला, दुखलं, की थांबायचं. उरलेलं पुढच्या वेळी."

बाबा शिकले. हात स्वच्छ धुवायचे, चिमटा जरासाच उघडायचे आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. एका दुपारी बाटली भरली, तरी खोकला आला नाही.

"मला आडवं करून बघा," आई म्हणाली.

धाकटी तिच्या कुशीत शिरली. दोन डोकी माझ्यावर टेकली.

"आई, तुझा श्वास वाजत नाहीये."

"गप झोप गं, नाहीतर वाजायला लागेल."

दोघी हसल्या. मग खरंच झोपल्या.

रोग मात्र हटला नाही. काही आठवड्यांनी आई गेली. मला माळ्यावर टाकलं. मी धूळ खात पडले, कापसाचे गोळे झाले. आईची फार आठवण यायची.

आज धाकटीने मला खाली ओढलं. बाबा म्हणाले, "गोळे झालेत गं हिचे. टाकून देऊ या का?" ती पलंगाच्या कडेला बसली, मला मांडीवर घेतलं आणि आईसारखीच पुढे वाकली.

बाबा तिच्या मागे बसले. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रड बाळा. घाई नाही. मी बसलोय."

मित्रांनो, आजाऱ्याचं करताना घाई करू नका. मागे राहिलेल्यांनाही घाई करू नका. मला ऊन दाखवायचं असेल, तर उद्या दाखवा. आज मी भिजलेय, तशीच तिच्या मांडीवर राहू द्या.