जाड ऑइल

अनुजाने ऑइलची पट्टी ट्रॅक्टरच्या इंजिनातून ओढून काढली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली आणि पुन्हा आत घालून बाहेर काढली. पट्टीचे फक्त टोक ओले झाले होते. गेल्याच आठवड्यात भरलेले ऑइल इंजिनाने खाल्ले होते, आणि उरलेसुरले बोटांवर पाण्यासारखे पातळ लागत होते.

"पुन्ना खाल्लं की हो, मामा," ती म्हणाली.

तिचे सासरे आकारामतात्या गोठ्याच्या दारात बसले होते. मानेला पट्टा असल्यामुळे तिच्याकडे बघायलाही त्यांना सगळे अंग वळवावे लागे.

"खाऊ दे. जलमभर राबलंय, खाणारच."

नेसरीच्या जत्रेतली रिव्हर्सची शर्यत तोंडावर आली होती. मागे ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर पिंपांमधल्या वळणावळणाच्या वाटेने उलटा न्यायचा. पिंपाला शिवला की बाद, इंजिन बंद पडले की बाद; उरलेल्यांत ज्याचा वेळ कमी तो पहिला. तात्यांनी ही शर्यत याच ट्रॅक्टरवर कितीदा तरी मारली होती. पण उलटे जायला मान मागे वळावी लागते, आणि तात्यांची मान गेल्या पावसाळ्यापासून वळत नव्हती.

अनुजाचा नवरा विश्वजित कोल्हापूरला कारखान्यात होता, सुट्टीपुरता घरी यायचा. त्यामुळे नांगरटीपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळे अनुजाच बघायची. पण ते रानात. चारचौघांसमोर ती कधी स्टिअरिंगवर बसली नव्हती.

जत्रा झाली की हा ट्रॅक्टर देऊन नवा घ्यायचा, असे विश्वजितने ठरवून टाकले होते. "धूर बघून शोरूमवाला भंगाराचा भाव लावतोय," असे तो म्हणाला, तेव्हा तात्या ताटावरून अर्धपोटी उठले होते.

त्याचेही चूक नव्हते. इंजिन गरम झाले आणि ट्रॅक्टर हळू चालवला, की ऑइलच्या दाबाचा काटा लाल रेघेखाली घसरायचा आणि आतून टकटक सुरू व्हायची. आणि रिव्हर्सची शर्यत तर सगळी हळूच मारायची असते. भर मैदानात इंजिन जाम झाले असते, तर तात्यांच्या नावाचे हसे झाले असते ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अनुजा कोल्हापूरला गेली. उद्यमनगरात संयोगिता नावाच्या बाईंचे ऑइलचे दुकान होते. कपाळावर चष्मा चढवलेल्या त्या बाईंनी आधी काही विकले नाही, विचारलेच फार.

"धूर निळा का काळा?"

"निळा."

"काटा थंड असताना पडतोय का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर. हळू चालवलं की."

अनुजाने फळीवरची एक चकचकीत बाटली उचलली. "ह्यानं इंजिन नव्यासारखं होतंय, असं लिवलंय."

"लिवायला काय जातंय? झिजलेलं लोखंड बाटलीतनं परत येत न्हाय, ताई." संयोगिताबाईंनी बाटली जागेवर ठेवली. मग आतून जाड ऑइलचा डबा आणला आणि त्यासोबत काकवीसारख्या घट्ट द्रवाचा एक लहान डबाही. "जुनं ऑइल सगळं काढा, मग हे घाला. झिजून जिथं फट पडलीया तिथं हे टिकून ऱ्हातंय. काटा पडायचा न्हाय, धूरबी कमी हुईल. पर सकाळी चालू केल्या केल्या दामटू नका, जाड ऑइल वर पोचायला येळ लागतोय. आणि ध्येनात ठेवा, हा नुसता टेकू हाय. आज ना उद्या इंजिन उघडून बोअरचं काम करावंच लागंल."

"शर्यत निघंल का पर?"

"निघंल की. कोण मारणार हाय?"

अनुजाने दोन्ही डबे पिशवीत घातले. हा प्रश्न तिला घरात कुणी विचारलाच नव्हता.

"मीच मारतो," ती म्हणाली.

संध्याकाळी जुने ऑइल काळ्या धारेने पत्र्याच्या डब्यात उतरत असताना तिने तेच तात्यांना सांगितले. तात्यांनी डबा पायाने धारेखाली नीट सरकवला. मग म्हणाले,

"ट्रॉलीकडं बघू नगंस. ट्रॉलीच्या चाकामागची जमीन बघ. तिकडंच जायाचं असतंय."

शर्यतीच्या दुपारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. स्पीकरवरून तात्यांचे नाव पुकारले गेले आणि ट्रॅक्टरवर अनुजा दिसली, तशी एक शिट्टी आली. कुणीतरी ओरडले, "पिंपं झाकून ठेवा रं, धुरानं काळी हुतील!" माळभर हशा पिकला. गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या विश्वजितने रुमालाने तोंड पुसले. शर्यत कोण मारणार आणि उद्यमनगरातल्या बाईंनी काय सांगितले, हे सगळे त्याला जत्रेत आल्यावरच कळले होते.

तिच्या आधी धैर्यशील नावाचा तरणाबांड गडी कोऱ्या ट्रॅक्टरवर उतरला होता. वाऱ्यासारखा मागे गेला आणि शेवटच्या वळणावर त्याच्या ट्रॉलीने पिंप आडवे केले. त्याआधीचेही बरेच जण असेच घाईने बाद झाले होते. जे दोघेतिघे सुटले, त्यांनी जागोजाग पुढे-मागे करून वेळ घालवला होता.

शिट्टी वाजली. अनुजाने रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला.

तिने इंजिनाचा वेग चढवलाच नाही. स्टिअरिंग डावीकडे, ट्रॉली उजवीकडे. पहिले पिंप गेले, दुसरे गेले. वळण आवळत आले तसा तिने वेग आणखी उतरवला. इथेच काटा पडायचा. तिने पटकन पुढे नजर टाकली. काटा थरथरला, जरासा उतरला आणि लाल रेघेच्या वर थांबला. टकटक नव्हती. इंजिन जड, सलग आवाजात चालत होते. मग तिने पुन्हा काट्याकडे पाहिले नाही. मान मागे वळवून ती चाकामागची तांबडी माती तेवढी बघत राहिली, आणि ट्रॉली त्या मातीवरून कुठे न अडता, न थांबता, एकाच दमात मागे सरकत गेली.

हशा कधी थांबला, तिला कळले नाही. शेवटचे पिंप चाकापासून वीतभर अंतरावरून गेले आणि माळावर एकच गलका उठला. स्पीकरवाला वेळ सांगत होता, पण ऐकू कुणालाच येत नव्हते. गुलाल तिच्या केसांत, डोळ्यांत, इंजिनाच्या बॉनेटवर पडला.

कमिटीची माणसे फेटा घेऊन सवयीने तात्यांकडे गेली. तात्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

"मला कशाला? डायव्हरला बांधा की!"

फेटा बांधून होतो तोच धैर्यशील ट्रॅक्टरभोवती फिरून आला. "तात्या, इंजिन नवं केलंसा व्हय? धूरच न्हाय."

भोवतीची माणसे ऐकू लागली. ट्रॅक्टरचा भाव वाढवून घ्यायचा असता तर ही वेळ होती. तात्यांनी अनुजाकडे अंग वळवले. अनुजा म्हणाली, "न्हाय. झिजलेलंच हाय. जाड ऑइल घातलंय."

धैर्यशीलने आधी तिच्याकडे, मग आपल्या कोऱ्या ट्रॅक्टरकडे पाहिले आणि मोठ्याने हसला. "मग तर आमी लईच हरलो म्हणायचं!"

विश्वजित जवळ आला. त्याने गरम बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसला तसा काढला. हाताला गुलाल लागला होता.

"ते बोअरचं काम," तो हळूच म्हणाला, "उद्यमनगरात कोण करतंय, त्या बाईंस्नी इचारलंस काय?"

"इचारलंय," अनुजा म्हणाली.

ऊन उतरले तशी गल्लीतली माणसे ट्रॉलीत चढली. शेजारच्या चिमणाबाईने बक्षिसाची ढाल मांडीवर घेतली. तात्या ट्रॅक्टरपाशी आले. अनुजा सीटवरून उठू लागली, तर त्यांनी तिला हातानेच बसवले, आणि सगळे अंग वळवत, पायरीवर पाय देऊन मोठ्या चाकाच्या मडगार्डवर जाऊन बसले. धरायला काय आहे, ते त्यांचा हात चाचपत राहिला.

अनुजाने गिअर टाकला.

"हळू घे," तात्या म्हणाले.

"इंजिन तापलंय म्हणून व्हय?"

"न्हाय ग. मला हितं बसायची सवय न्हाय."