क्षमेची खुर्ची

रविवार होता, म्हणून टेलरबाई उजवा हात प्लास्टरात ठेवून डाव्या हाताने नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. कॉलर काही केल्या नीट बसेना. ज्या हाताला ती जमायची, तो शर्टाच्या मालकाने मंगळवारी मोडला होता. तरी क्षमा घ्यायला जाणाऱ्या माणसाने चुरगळलेल्या कॉलरीने जावं, हे तिला बरं वाटत नव्हतं.

"आई, कुठला फ्रॉक घालू?" बटणने विचारलं. बटण म्हणजे तिची अकरा वर्षांची मुलगी. मंगळवारी ती मध्ये पडली होती आणि डोळ्याखाली त्याची खूण घेऊन फिरत होती.

"घाल कुठलाही."

"जांभळा घालते. मॅचिंग होईल."

टेलरबाईला हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली, आणि तेवढ्यात कॉलर करपली.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक पद्धत होती. कुणी कुणाला दुखावलं, की उपासनेनंतर वेदीसमोर दोन खुर्च्या मांडायच्या. एकीत दुखावणारा, दुसरीत दुखावलेला. दुखावलेल्याने कार्डावरचं वाक्य म्हणायचं: 'मी तुला मनापासून क्षमा केली आहे आणि आपण पूर्वीसारखे राहू.' मग टाळ्या, मग चहा-बिस्किटं. खुर्च्या सुताराने, म्हणजे टेलरबाईच्या नवऱ्यानेच, फुकटात करून दिल्या होत्या. हाताला कसब होतं त्याच्या. दुखावलेल्याची खुर्ची नऊ वर्षांत एकदाच डुगडुगली. ती त्याने त्याच दिवशी दुरुस्त केली. बायको पडली असती तर त्याला फार वाईट वाटलं असतं.

टेलरबाई त्या खुर्चीत बारा वेळा बसली होती. ती खोटं बोलत नसे. गुडघे टेकून प्रार्थना केली, की कच्चे टाके ओढून काढावेत तसा तिचा राग खरोखरच निघून जाई. मागे उरायचं ते 'पूर्वीसारखे'.

उपासना संपली. सुतार आपल्या खुर्चीत जाऊन बसला. पाळकसाहेब हसतमुखाने म्हणाले, "आज विशेष आनंद आहे. आज आधी लेकरू बापाला क्षमा करणार. ये बाळा."

बटण खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. पाळकसाहेबांनी कार्ड पुढे केलं, तिने त्याकडे पाहिलंही नाही. "मी तुला मनापासून क्षमा केली आहे," ती म्हणाली. मग तिने एक श्वास घेतला, नाक ओढलं, मान किंचित खाली घातली. अगदी जिथे टेलरबाई घालायची तिथेच.

"अगं बाई, किती गोड!" पहिल्या बाकावरच्या आत्याबाई पुटपुटल्या. "हुबेहूब आई!"

टेलरबाई ताडकन उठली. "बटण, पुढचं बोलू नकोस. ऊठ तिथून."

मुलीला मागे घेऊन ती स्वतः खुर्चीत बसली. "मी ह्यांना क्षमा केली. मंगळवारीच केली. ह्यांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. पण आम्ही दोघी घरी जाणार नाही."

पाळकसाहेबांनी कार्ड तपासलं. "बाई, हे वाक्यात नाहीये."

"माहीत आहे. वाक्य मला पाठ आहे."

"पण अर्धी क्षमा म्हणजे..."

"क्षमा पुरी आहे, पाळकसाहेब. हाडच अर्धं आहे."

सुतार रडू लागला. अगदी खरं रडला. सगळ्यांना गलबलून आलं. कुणीतरी त्याला रुमाल दिला. त्याच्या कडा टेलरबाईनेच शिवल्या होत्या.

"मग राहणार कुठे?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

हा विचार तिने केला नव्हता. ती मंडळीकडे वळली. माणसं चांगली होती. एकाच्या घरी रंगकाम चालू होतं. एकीच्या सासूची झोप सावध होती. आत्याबाईंच्या तीन खोल्या रिकाम्या होत्या. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "माझ्याकडेच नेलं असतं गं तुला. पण गुरुवारी तो माझं दार बसवायला येतोय. त्याला काय वाटेल?"

मग कुणीतरी चहा निवतोय म्हणालं, आणि सगळे बाहेर गेले.

दोन खुर्च्यांत दोघी मायलेकी उरल्या. खुर्च्या जराही हलत नव्हत्या. दाराशी राखणदार किल्ली घेऊन उभा होता. "सावकाश होऊ द्या बाई," तो म्हणाला, "पण मला कुलूप लावायचंय." त्याच्या पलीकडे फाटकापाशी सुतार टेलरबाईची पिशवी खांद्याला अडकवून वाट पाहत होता, आणि लोक एकेक करून त्याला धीर देत होते.

"आई," बटणने हळूच विचारलं, "आता काय म्हणायचं असतं?"

टेलरबाईने तिथेच राहिलेलं कार्ड डाव्या हाताने उचललं आणि उलटून पाहिलं. मागच्या बाजूला अजून कुणी काही लिहिलेलं नव्हतं.