कोकोच्या गावात ऐकलेलं एक वाक्य

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि ऐकलेलं सगळं खरं मानण्याची मला सवय नाही.

कारखान्यातून निघून मी घानाला पोचलो. आक्राच्या बाजारात एवुरेसी नावाच्या विद्यार्थिनीने मला घासाघीस करून घेतलं. ती राज्यशास्त्र शिकत होती. मोठ्या कंपन्या ‘आम्ही जंगल राखतो, पाणी राखतो’ म्हणतात, ते कोण तपासतं आणि तपासणाऱ्याला कोण पोसतं, हा तिचा विषय. पुढे ती पीएच.डी. झाली, प्राध्यापक झाली. मी तिच्या पिशवीतून मंत्र्यांच्या आणि संचालकांच्या खोल्यांत फिरलो. तिथे सगळे माझ्या तोंडावर गोड बोलत. “बंद करा ते,” म्हटलं की आवाज बदलायचा. तेव्हापासून गोड आवाजाची मला धास्तीच बसली.

एकदा एका कोको कंपनीच्या, जंगल-पाणी राखल्याबद्दल मिळणाऱ्या हिरव्या शिक्क्याची तपासणी होती. शिक्का असला की परदेशात चॉकलेट महाग विकतं. तपासनीस गावात न कळवता जातो, असा नियम. तपासनीस लाम्टेसाहेबांच्या गाडीत आम्हीही होतो. “या गावात मी पहिल्यांदाच येतोय,” ते म्हणाले. मी ते टिपून घेतलं.

गावचे वडीलधारे नाना बादू यांच्या अंगणात आम्ही बसलो. तिकडची रीत अशी की आधी पाहुण्याला पाणी द्यायचं, मग का आलात ते विचारायचं, आणि त्यानंतरच बाकीचं बोलायचं. नानांनी एवुरेसीला विचारलं, “आमच्याकडे सगळं ठीक. तू काय काम काढलंस, बाई?” तिने सांगितलं. मग नाना तपासनिसाकडे वळले. “हं साहेब, चला, ओढा बघायचाय ना?”

“नाना, यांना नाही विचारलंत?” एवुरेसी म्हणाली.

“यांचं काल विचारून झालं की! रोज रोज तेच काय विचारू? इतका का विसरभोळा झालोय मी?”

अंगणातल्या बायका हसल्या. लाम्टेसाहेबांना ठसका लागला. ओढ्याच्या वरच्या अंगाला कंपनीची रोपवाटिका होती. तिथल्या फवारणीच्या औषधाने गावाचं प्यायचं पाणी नासत होतं. त्या दिवशी मात्र तिथे औषधाचं एकही पिंप दिसलं नाही. साहेबांनी खबर दिल्यावर आदल्या दिवशीच हलवलेली असणार.

लवकरच कंपनीचे संचालक विद्यापीठात आले. एवुरेसीसाठी नवं अभ्यासकेंद्र उभारू म्हणाले. “त्या म्हाताऱ्याचं तेवढं वाक्य अहवालात नसलं तर बरं.” मी पिशवीत होतो, चालू होतो. ती काय उत्तर देईल, याची मलाही खात्री नव्हती. तिला ते केंद्र किती हवं होतं, हे मला ठाऊक होतं.

ती उठली आणि पुन्हा नानांच्या गावी गेली. पाणी झालं, विचारणा झाली.

“नाना, तुमचं नाव लिहिलं तर तुमचा कोको कंपनी घेणार नाही. लिहू का?”

“माझा आवाज डबीत घालून नेलास, तेव्हा नाही विचारलंस!” नाना म्हणाले. मग म्हणाले, “लिही. नाव गाळलंस तर म्हणतील, असं कुणी बोललंच नाही. आमच्या पोरांनी तेच पाणी प्यायचं का? पण माझा माल पडून राहिला तर स्वतः ये. नुसता निरोप धाडू नकोस.”

तिने लिहिलं. शिक्का गेला, अभ्यासकेंद्रही गेलं. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. नानांच्या अंगणात मात्र कोकोच्या बिया वाळून तशाच पडून राहिल्या. कंपनीचा वजनकाटेवाला शेजारच्या घरी थांबे आणि नानांचं दार टाळून पुढे जाई. एवुरेसी खरंच गेली, नानांबरोबर दुसऱ्या गावच्या कोको खरेदी सोसायटीपुढे हात जोडून उभी राहिली. माल गेला, पडेल भावाने. मला फार वाईट वाटलं.

आता मोबाइल आले. ती निवृत्त झाली, आणि मी फळीवर धूळ खातोय. मित्रांनो, जुनी यंत्रं पुसून ठेवा, पण ज्याने विश्वासाने तुमच्यापाशी तोंड उघडलं, त्याला आधी जपा. कंपनीला शिक्का परत मिळालाय. ओढा आता अगदी स्वच्छ आहे म्हणे. हे मी ऐकलं ते कंपनीच्याच जाहिरातीत. गावातलं अजून कुणी बोललेलं नाही. माझ्यात सेल घाला आणि मला तिकडे घेऊन चला.