तिसरा रकाना

"माहीत नसेल ते रिकामं सोडा, प्रतिभाताई. रिकामं सोडलं की मशीन समजतं, कोणीही चालेल."

मशीन शिकवताना अरविंदनं सांगितलेलं हे वाक्य प्रतिभाच्या कानात होतं, पण बोट तिसऱ्या रकान्यापाशी थबकलं होतं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तीन प्रश्न उभे होते. रक्तगट कोणता? गाव कोणतं? याआधीचं रक्तदान कोणत्या तारखेपूर्वीचं? पहिल्यात तिनं ओ निगेटिव्ह लिहिलं. दुसरा मोकळा ठेवला. माणूस सौसरचा असो की मोहगावचा, मिळाल्याशी मतलब. आता तिसऱ्याचं काय करावं?

फोनवर दवाखान्यातल्या सुधा सिस्टरनं बजावलं होतं, तीन महिन्यांच्या आत ज्यानं रक्त दिलं असेल तो नको. म्हणजे हे तर माहीत होतं. जे माहीत आहे ते मोकळं कसं सोडायचं? चतुर्थी, एकादशी, शनिवार, यातला एकही नेम कधी न चुकवलेली बाई ती. तिनं तीन महिन्यांपूर्वीची तारीख भरली आणि बटण दाबलं.

दारात श्रावण उभा होता. बोरगावच्या त्या कारखान्यात संगणकाच्या थंड खोलीत जायचं तर देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. त्यानं काढल्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तो कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. त्याची बायको कमल सकाळी सौसरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण कमलचं रक्त थांबत नव्हतं. घरातल्या कोणाचंच जुळलं नव्हतं, म्हणून दवाखान्यानं कारखान्याच्या मशीनमधली रक्तदात्यांची यादी बघायला सांगितलं होतं.

मशीन घरघरलं आणि एकच ओळ उमटली. एकही नाव नाही.

"हाये का कोणी, बाई?"

तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"नाही हो, श्रावणभाऊ."

"मंग नागपूरलेच जा लागते," तो म्हणाला आणि वळला. जीपचा आवाज गेटबाहेर गेला तेव्हा तिनं मारुतीला हात जोडले. संध्याकाळी घरी निघताना दाराशी त्याच्या चपला दिसल्या. तो अनवाणीच गेला होता.

नागपूरहून तो ओल्या टॉवेलात रक्ताची बाटली गुंडाळून परत आला, पण दवाखान्याच्या पायरीवर सुधा सिस्टर त्याची वाट पाहत उभी होती, आणि तिच्या हातात बाळ होतं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

कमल गेल्याचं कारखान्यात दुसऱ्या दिवशी कळलं. प्रतिभा आपलं काम करत राहिली. मनात मात्र एक गोष्ट टोचत होती. मागल्या साली कारखान्यात रक्तदानाचं शिबिर झालं तेव्हा मंडपाबाहेरपर्यंत रांग गेली होती. एवढ्या गर्दीत एकही माणूस कसा नाही?

अरविंद महिन्यातून एकदा नागपूरहून मशीन बघायला येत असे. प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. शिबिरातले कागद मशीनमध्ये भरलेही त्यानंच होते, दोन दिवस खोलीत बसून. त्या खेपेस तो आला तेव्हा प्रतिभानं चहा पुढे ठेवला आणि हळूच विचारलं.

"तुम्ही काय काय भरलं होतं?" तो म्हणाला.

तिनं सांगितलं.

"हं. तारीख काढून बघू." बोलता बोलता त्यानं तिसरा रकाना मोकळा ठेवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर नावं उतरली. अनिल, पॅकिंग खात्यातला. रामाजी, रात्रपाळीचा चौकीदार. आणि त्याखाली, प्रतिभा विनायक ढोके, सौसर. ओ निगेटिव्ह. तिघांच्याही नावापुढे तारखेची जागा कोरी.

तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. तिनं पदरानं चष्मा पुसला. नाव तिथंच होतं. अरविंदनं कप खाली ठेवला.

तो म्हणाला, "या तिघांनी रक्त दिलंच नाही कधी. यादीत नाव आहे म्हणजे दिलं असेल, असं मी धरून चाललो. मशीन विचारतं, याची तारीख तीन महिन्यांच्या मागची आहे का? इथं तारीखच नाही. मग ते नाही म्हणतं. खरं तर यांना केव्हाही बोलावता आलं असतं. सगळ्यांत आधी यांनाच."

"पण यादीत नाव आलं कसं? दिलं नाही तर?"

विचारता विचारताच तिला आठवलं. शिबिर शनिवारी ठेवलं होतं. साहेब लोक बाहेरचे. शनिवारी अर्धा दिवस काम, म्हणून त्यांना सोयीचा वाटला. जामसावळीच्या मारुतीपायी अर्ध्या कारखान्याचा त्या दिवशी उपास असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. लोक मात्र रांगेत उभे राहिले, कारण साहेबांनी बोलावलं होतं. सुधा सिस्टरनं एकेकाचं बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला, गट कागदावर लिहिला, आणि मग विचारलं, काही खाल्लं का. प्रतिभानं मान हलवली तेव्हा सिस्टर हसून म्हणाली होती, "मंग आज नोका देऊ बाई, चक्कर येईन. उपास नसला तवा या. याल ना?"

"येईन," प्रतिभा म्हणाली होती.

पुढे हळदीकुंकू आलं, सणवार आले, सासूबाईंचं पथ्यपाणी आलं. आपला गट कोणता, हे विचारायचंही सुचलं नव्हतं. मारुतीला दिलेला शब्द तिनं एकदाही मोडला नव्हता. सिस्टरला दिलेला शब्द हाही शब्दच होता, हे मात्र तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

प्रश्नातला रकाना रिकामा असला तर मशीन साऱ्यांना आत घेतं. माणसाचा रकाना रिकामा असला तर त्याला दारातूनच परत पाठवतं.

अरविंदनं त्याच दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. ज्याच्या नावापुढे तारीखच नाही, तोही आता यादीत येणार होता. जाताना तो म्हणाला, "ताई, चूक माझी आहे. पण श्रावणला सांगू नका. सांगून काय होणार?"

तिनं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी गेटवर गेली. श्रावण जीपची काच पुसत होता. तिनं सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, शिबिरापासून. रडली नाही. रडायचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

श्रावणचा हात काचेवरच थांबला.

"मी दारातच उभा होतो, बाई," तो म्हणाला. "तुमच्या समोर."

आणि पुन्हा काच पुसू लागला, पुसलेलीच.

त्यानंतर दोघांत बोलणं राहिलं नाही. तो तिला पाहून मान खाली घालायचा, आणि ती त्याच्याआधी घालायची. मुलगी त्याच्या आईपाशी वाढत होती एवढं कानावर यायचं.

पोळ्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी फोन वाजला. सुधा सिस्टर बोलत होती. पांढुर्ण्याची एक पोरगी आली आहे, दुपारी ऑपरेशन आहे, ओ निगेटिव्ह लागेल. "पाहून सांगा, बाई."

प्रतिभानं गट आणि तारीख नीट भरली, गाव मोकळं ठेवलं. बटण दाबण्याआधीच तिला उत्तर माहीत होतं, तरी दाबलं. अनिल गावी गेला होता, रामाजी तापानं पडला होता. खाली तिचं नाव.

ती उठली आणि तडक गेटवर आली. श्रावण सावलीत जीपला टेकून बसला होता.

"डब्यात काय हाये, श्रावणभाऊ?"

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून तो दचकला. "भाकर हाये. अन् वांग्याची भाजी. काहून?"

"अर्धी द्या मले."

"आज शनवार हाये, बाई."

"हो. सुधा सिस्टरनं बलावलं. उपाशी माणसाचं रक्त घेत नाही ते."

तो उठून उभा राहिला. डबा उघडला, झाकणावर भाकर ठेवून मोडली. दोन तुकडे सारखे झाले नाहीत. त्यातला मोठा त्यानं तिच्या हातात दिला, वर भाजी घातली. प्रतिभानं जामसावळीच्या दिशेला तोंड करून डोळे मिटले, मग घास घेतला. श्रावण दुसरीकडे बघत उभा राहिला. तिचं होईस्तोवर त्यानं लोटाभर पाणी आणलं.

मग त्यानं जीप सुरू केली. ती शेजारी चढून बसली तेव्हा त्याची नजर खाली गेली.

"चपला राह्यल्या, बाई."

"राहू द्या," ती म्हणाली. "चला."

जीप सौसरच्या रस्त्याला लागली.